सार्वजनिक सुतक कसे पाळावे

घरात माणूस गेले की सुतक दहा दिवसांचे. पूल पडून चाळीस गेले की साधारण तीन दिवसांचे, आणि मध्ये क्रिकेटचा सामना आला तर दीड. हे शास्त्र कोणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून नवख्यांची गडबड होते. काही जण चौथ्या दिवशीही विचारत बसतात, "पुढे काय झाले?" चारचौघांत असे विचारणे बरे दिसत नाही.

पहिला दिवस हळहळण्याचा. स्टेटसला मेणबत्ती ठेवा. मदतीचा आकडा जाहीर झाला की "पाच लाखांत काय होतंय" असे एकदा म्हणा, आणि मागच्या वेळी किती होते ते मात्र आठवू नका.

दुसरा दिवस आरोपी शोधण्याचा. इथे खरे कौशल्य लागते. आरोपी असा हवा, ज्याला निलंबित करता येत नाही, ज्याची बदली होत नाही आणि ज्याच्या नावावर पेन्शन नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. धरण गळते आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पण गावकऱ्यांना तांत्रिक ज्ञान नसते. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोन दिवसांत सांगून टाकले की खेकड्यांनी धरण पोखरले. विरोधक पिशवीतून खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, यांना अटक करा म्हणून. तुम्हीही तेव्हा मनसोक्त हसलात, विनोद पुढे पाठवलेत. चांगले केलेत. भेंदवाडीत माणसे किती गेली हा आकडा आज तुम्हाला सांगता येणार नाही, खेकडा मात्र पक्का लक्षात आहे. सुतक फिटले ते असे.

खेकडे नसतील तर पाऊस घ्या. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगरून २३ माणसे गेली, तेव्हा रेल्वेच्या चौकशीत पाऊसच पुढे आला. फूल पडले म्हटले, ते लोकांनी पूल पडला असे ऐकले, हीही एक कथा होती. म्हणजे निम्मा दोष ऐकणाऱ्यांच्या कानांचा. पूल अरुंद होता हे रोज सकाळी त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण प्रवाशाच्या बरगड्यांना पुरावा मानत नाहीत. पुढच्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. (नामांतराचे आधीपासूनच चालले होते, खोटे कशाला बोला.) तरी विसरायला सोय झालीच.

वाराही चालतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. परवानगी ४० बाय ४० फुटांपर्यंतची, हे १२० बाय १२०. एवढे मोठे, की लिम्का बुकात नोंद होती. म्हणजे ते कोणाला दिसले नाही असे म्हणायचीही पंचाईत. न्यायालयात आरोपीच्या बाजूने सांगितले गेले की ही देवाची करणी. देवाची करणी आणि नारळात पाणी, हे खरेच; पण पाया कच्चा भरायला देव स्वतः घमेली घेऊन आला नव्हता.

तिसरा दिवस समितीचा. पिंडाला कावळा शिवेना, तर भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मंडळी जेवायला मोकळी होतात. आपल्याकडे या दर्भाच्या कावळ्याला चौकशी समिती म्हणायची पद्धत आहे. ती नेमल्याची बातमी वाचा, अहवालाची वाट पाहू नका.

कोणी फारच खोलात शिरले तर महाडच्या सावित्रीचे उदाहरण द्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या आणि एक टवेरा नदीत गेली. मे महिन्यातच पाहणी होऊन पूल वाहतुकीला योग्य ठरला होता. पण सांगताना नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, एवढेच सांगा. ऐकणारा लगेच "मनात आणलं तर होतं हो" म्हणेल, आणि आधी मनात का आणले नाही हे विचारायचे राहून जाईल.

स्वतःलाही आरोपी करायची तयारी ठेवा. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत पडून चौघे गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, रविवार होता, गर्दी होती. फलक लावला की सरकारचे काम संपते, तो वाचायचे काम तुमचे. आता पूल उभाच का ठेवला होता, असे विचाराल तर तुम्ही अजून पहिल्याच दिवसात आहात.

एवढे करूनही एखाद्या २ जुलैला काही आठवून घशाशी आलेच, तर बाजारात जा. कोकणात त्या दिवसांत मुठे, म्हणजे खेकडेच, चांगले भरलेले मिळतात. नांग्या मोडून, वाटून, गाळून तिखट रस्सा करा. सापडलेल्या आरोपींपैकी हे एकच हाताला लागतात.