माळेतला स्फटिक आणि घड्याळातला क्वार्ट्झ

मुंबईत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या स्फटिकाच्या माळेबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय. स्फटिकात अणूंची रचना परिपूर्ण असते, म्हणून तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, घड्याळं हा त्याचा पुरावा. ही कंपनं शरीराची लय सुधारतात. खरा स्फटिक थंड लागतो, कारण तो नकारात्मक ऊर्जा खेचतो. पौर्णिमेला तो चांदण्यात चार्ज करायचा.

३२,७६८ हा आकडा घड्याळवाल्यांनी निवडलेला आहे. तो २ चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका उरतो. त्यासाठी क्वार्ट्झचा (माळेतला स्फटिक म्हणजे हेच खनिज) चिमट्याच्या आकाराचा इवला तुकडा नेमक्या मापाने कापतात. माप बदललं की आकडा बदलतो. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं; घड्याळात उलटं करतात, वीज देऊन तो हलवतात. सेल संपला की घड्याळ बंद. माळेला सेल कुठे असतो?

अणू थरथरतात हे खरंच, पण सेकंदाला दहा लाख कोटींच्या घरात, आणि उष्णतेमुळे, वाटेल तसे. तशी थरथर गेटवेच्या बेसाल्ट दगडातही चालू असते. खडीसाखर तर चक्क स्फटिकरूप, दाबल्यावर तिच्यावरही विद्युतभार येतो. तिची माळ कोणी हजारात विकत नाही. आणि परिपूर्ण? ॲमेथिस्ट या जांभळ्या क्वार्ट्झचा रंगच मुळी लोहाच्या अशुद्धीतून येतो.

थंडपणाचा मुद्दा मात्र रंजक आहे. दादरचा दुकानदार मणी गालाला लावून दाखवतो, आणि काचेच्या मण्यापेक्षा तो खरंच गार लागतो. अणूंची रांग शिस्तीत असली की थरथरीच्या लाटा फार न विखुरता लांबवर जातात आणि त्वचेची उष्णता भराभर वाहून नेतात. तोच क्वार्ट्झ वितळवून काच केली, तर सिलिकॉन-ऑक्सिजन तेच, शिस्त तेवढी गेली. उष्णतावहन मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येतं. मणी खेचतो ती साधी उष्णता, तीही तो गालाइतका तापेपर्यंत. मे महिन्यात उन्हातल्या खिडकीत ठेवलेला मणी उलट चटका देईल. मग काय, सकारात्मक ऊर्जा म्हणायचं?

राहिली पौर्णिमा. चांदणं हा परावर्तित सूर्यप्रकाश, आणि स्वच्छ स्फटिकातून तो बहुतेक आरपार निघून जातो.