राजीनामा लिहिण्याआधी शंभर किलो केळी तळून बघा

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोरगा कुठे असतो? ‘पुन्याले हाये, कंपनीत’ एवढं उत्तर पुरतं. भाडं किती, हप्ता किती, महिनाअखेरीला हातात काय राहतं, हे कोणी विचारत नाही. तोच पोरगा ‘रावेरला परत येतो, धंदा टाकतो’ म्हणाला की सगळ्या काकांना एकदम गणित आठवतं. हा दुटप्पीपणा मला खटकतो. पण काकांचा प्रश्न चुकीचा नसतो. परत येणारे बरेचजण ‘स्वतःचा मालक झालो म्हणजे जिंकलो’ असं धरून चालतात आणि स्वतःची मजुरी कुठेच मांडत नाहीत.

केळी वेफर्स घ्या. जळगावच्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात परत येणाऱ्याला पहिला सल्ला हाच मिळतो.

100 किलो कच्ची केळी सोलली की साल जाऊन साधारण 60 किलो गर राहतो. त्यातही 70 टक्के पाणी. तळून, तेल धरून, मोडतोड वजा करून 25 किलोच्या आसपास वेफर्स निघतात. म्हणजे किलोला चार किलो केळी. समजा केळी 12 रुपये किलो, तर वेफर्सच्या किलोमागे 48 रुपये झाले. तेलाचं काय? वेफर्सच्या वजनात तीसेक टक्के तेलच असतं, म्हणजे 25 किलोत साडेसात किलो. 150 रुपये किलोने धरलं तर किलोमागे 45. केळीइतकाच खर्च तेलाचा! तरी लोक बागेत जाऊन केळीच्या एकेका रुपयासाठी घासाघीस करतात आणि कढईकडे कोणाचं लक्ष नसतं.

पैसा गळतो तो कढईत. तेल 170 ते 180 अंशांवर हवं आणि काप दीडेक मिलिमीटरचा, किसणीवरून थेट तेलात. घाई म्हणून घाणा मोठा टाकला की तेल थंड पडतं, काप कुरकुरीत व्हायच्या आधी तेल पितात, आणि तुमचे 45 चे 55 कधी होतात ते कळतही नाही. फणीतलं एखादं केळं पिकायला लागलं असेल तर त्यात साखर उतरलेली असते. ते काप लाल-तपकिरी होतात आणि अख्खा घाणा कळकट दिसतो. लोखंडी पातं नको, काप काळे पडतात. आणि कालचंच तेल आज, आजचंच उद्या, असं करू नका. तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायला कायद्यानेच बंदी आहे, आणि माल खवट होतो तो वेगळाच. (उपवासाचं म्हणून विकायचं असेल तर त्या कढईत शेव-भजी तळायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.)

रोज हे 100 किलो तळायचे आणि दोन बायांची दिवसाची मजुरी 800 धरली तर किलोमागे 32. गॅस, मीठ, पाकिटं मिळून 30. बेरीज 155. दुकानदाराने 200 ने उचललं तर दिवसाला 1125 रुपये सुटतात. छान वाटतं ना? आता केळी 20 रुपयांवर गेली असं धरा. खर्च 187, सुटतात 325. दिवसभर कढईपुढे उभा राहणारा मालक आपल्याच कामावरच्या बाईपेक्षा कमी कमावतो. मागणी श्रावणात आणि नवरात्रात जोरात, पण श्रावणातच हवा दमट. गरम माल पाकिटात भरला की आठवड्यात सादळतो आणि दुकानदार परत पाठवतो. त्याची उधारी महिन्याची असली तर रोजच्या 3875 रुपये खर्चाप्रमाणे (25 किलो, 155 ने) 1 लाख 16 हजारांच्या आसपास रक्कम बाजारातच अडकलेली राहते. नुसत्या मशीनसाठी कर्ज काढणारा इथेच फसतो.

अनुदानाचंही तसंच. पीएमईजीपीत (नव्या धंद्याच्या कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 आणि विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) 35 टक्के मिळतात, पण ते हातात येत नाहीत. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतात, मग कर्जात वळते होतात. स्वतःचा हिस्सा 10 टक्के, विशेष गटाला 5, आधी घालावाच लागतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र फुकट आहे, त्यासाठी एजंटाला पाचशे देऊ नका.

म्हणून सुट्टीत येऊन 100 किलो केळी स्वतः सोलून, तळून, विकून बघा. एकदा पावसाळ्यात, एकदा थंडीत.

मग राजीनाम्याची तारीख. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) कायम नोकरीत पाच वर्षं लागतात. मूळ पगार 25 हजार असेल तर पाच वर्षांची 72 हजारांच्या वर होते. चार वर्षं दोन महिन्यांवर बाहेर पडणारा ती सोडून येतो. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागू शकतो. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. आई-वडिलांना साखर, बीपी असेल तर पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या.

यश कशाला म्हणायचं ते प्रत्येकाने आपलं ठरवावं, फक्त आकड्यात ठरवावं. स्वतःची मजुरी धरून महिन्याला किती, उधारी जास्तीत जास्त किती, संध्याकाळी किती वाजता घरी. कागदावर लिहा, बायकोला दाखवा, आई-वडिलांनाही दाखवा. ‘मनासारखं जगतोय’ याने किराणा भरत नाही. तसं ‘पुन्याले हाये’ यानेही भरत नाही, पण ते पंगतीत कोणी मान्य करणार नाही.

त्याच कागदावर परतीची तारीखही टाका. अठरा महिने म्हणा, दोन वर्षं म्हणा. तोवर ठरवलेला आकडा आला नाही तर परत नोकरी. त्यासाठी रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला निघतानाच हातात घ्या, आणि पीएफला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका.