सबसिडी नव्या टिलरला, जुन्याच्या ऑइल सीलला कोण विचारतो?

मे महिना आला की आमच्या गोव्यातल्या सत्तरीत दरवर्षी हीच बोंब. मांगरात ताडपत्रीखाली टिलर, म्हणजे हाताने धरून चालवायचं नांगरणीचं मशीन, पडून आहे आणि मालक पार्ट शोधत वाळपई, साखळी, फोंडा करत फिरतोय. शोरूममध्ये जुन्या मॉडेलचा पार्ट मागितला तर काउंटरवरचा पोरगा कंप्युटरकडे न बघताच सांगतो, ते मॉडेल बंद झालं काका, नवीन घ्या ना, सबसिडी आहे!

आता सबसिडीला माझा विरोध नाही. केंद्राची यांत्रिकीकरणाची योजना 2014-15 पासून चालू आहे, कृषी कार्ड घेऊन लोकांनी मशीनं घेतली, चांगलंच झालं, आमच्या एवढ्याएवढ्याशा कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, मोठा ट्रॅक्टर वळत पण नाही, तिथे टिलरच पाहिजे. पण नवीन घ्या म्हणून सांगायला सगळे पुढे, आणि चालू असलेलं मशीन चालू ठेवा म्हणून सांगायला कोणी नाही, हे मला पटत नाही. इंजिन ठणठणीत असतं हो. गेलेलं असतं रोटरीचं, म्हणजे माती फिरवणाऱ्या पात्यांच्या भागाचं, ऑइल सील, शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी रिंग. ते गेलं की गिअर ऑइल बाहेर आणि चिखल आत, मग बेअरिंग जातं, आणि तसंच रेटून चालवलं तर शेवटी गिअरचे दात. म्हणजे सुरुवात होते अगदी किरकोळ वस्तूपासून, आणि ती मिळाली नाही म्हणून अख्खं मशीन भंगारात.

खरं तर मिळत नाही हे अर्धंच खरं आहे. आपण दुकानात जाऊन मशीनचं नाव सांगतो तिथेच घोळ होतो. बेअरिंगला नाव नसतं, नंबर असतो. कड्यावर 6205 लिहिलंय ना, मग शेवटच्या 05 ला पाचने गुणायचं, आतलं भोक 25 मिमी. बाहेरून 52, जाडी 15. हे माप जगात कुठल्याही कंपनीचं घ्या, सारखंच. 6305 घेतलं तर भोक तेच 25 पण बाहेरून 62 आणि जाडी 17, ते बसणार नाही, म्हणून पहिले दोन आकडे पण नीट बघायचे. सीलवर पण तीन आकडे असतात, शाफ्ट, बाहेरचा व्यास, जाडी. पुसले असतील तर व्हर्नियर (माप घ्यायचं हत्यार) लावा, फक्त शाफ्टचं माप शाफ्टवरच घ्या, जुन्या सीलच्या ओठावर नको, तो झिजून मोठा झालेला असतो. हे आकडे घेऊन कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे जा, त्याला टिलर म्हणजे काय ते माहीत नसलं तरी चालतं.

बोल्टचं मात्र जपून. आपल्याकडचे जुने टिलर मुळात जपानी डिझाइनचे, केरळचा कॅमको (कंपनी 1973 ची), तो कुबोटाच्या मदतीने, आणि बंगळुरूच्या व्हीएसटीचा शक्ती मित्सुबिशीच्या. जपानी मशीनात 10 एमएमचा बोल्ट बऱ्याचदा 1.25 पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असतो आणि आपला हार्डवेअरवाला देतो 1.5 चा. दोन आटे आरामात जातो, मग अडतो, मग कोणीतरी पान्याला पाइप लावून जोर करतो आणि हाउसिंगचे, म्हणजे बाहेरच्या खोक्याचे, आटेच जातात. जुना बोल्ट खिशात घालून न्या आणि त्याचा नट नव्यावर फिरवून बघा, एवढं केलं तरी पुरे.

कंपनी बंद म्हणजे पार्ट संपले असंही नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं 2016 मध्ये ठरलं, तरी त्याचे पार्ट लुधियानात आजही बनतात. चोर्ला घाटातून बेळगाव किती लांब आहे? तिथल्या उद्यमबागेत नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना टेबलावर ठेवला की माणूस हातात घेऊन उलटापालटा करतो आणि सांगतो होईल का नाही. आमच्याकडे असे लोक कमी होत चाललेत त्याला कारण आहे. डिचोली-सत्तरीतली लेथ मशीनं चालायची खाणींच्या ट्रकांवर. 2012 ला खाणी बंद, मग चालू, 2018 ला परत बंद, त्यात टर्नर, म्हणजे लेथ चालवणाऱ्या, लोकांनी शटर ओढलं, कोण रिक्षा चालवतोय, कोण गल्फला गेला. खाणींनी आमच्या शेतांत जी माती आणून टाकली त्याबद्दल मी मरेपर्यंत चांगलं बोलणार नाही, पण ते टर्नर गेले ह्याचं वाईट वाटतं.

आणि जे उरलेत त्यांच्याकडून शाफ्ट करून घेताना मटेरियल विचारायला लाजू नका. साध्या एमएसच्या (मऊ पोलादाच्या) बारचा शाफ्ट दिसायला चकाचक, पण सीलखाली लवकर खाच पडते. निदान ईएन 8 चा, म्हणजे त्याहून कणखर पोलादाचा मागा, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) असेल तर गनमेटलचा. पैसे थोडे जास्त जातील, जाऊ देत.

माझं म्हणणं शेतकी खात्याला एवढंच आहे की सबसिडीच्या यादीत मशीन घेताना डीलरकडून निदान दहा वर्षं पार्ट देण्याचं लिहून घ्या, आणि दुरुस्तीच्या बिलाला पण थोडा हात लावा. सत्तरीतल्या होंडा गावात आयटीआय आहे, तिथल्या पोरांना एप्रिलमध्ये गावचे टिलर खोलायला द्या, शिकतील पण आणि पावसाआधी मशीनं पण तयार होतील. सगळीच जुनी मशीनं वाचवा असं मी म्हणत नाही, इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला असेल तर देऊन टाका खुशाल. पण भंगारवाल्याला देण्याआधी गावात विचारा, एका मेलेल्या टिलरमधून दोन चालू होतात.

त्यावरून आठवलं, डिचोली-पेडणे बाजूला कोणाचा जुना कॅमको निघत असेल तर सांगा. इंजिन गेलेलं चालेल, मला गिअरबॉक्स हवाय. फक्त वेल्डिंग मारलेला नको.