‘टीका’ हा शब्द ज्ञानेश्वरीतलाच आहे

सप्ताहाच्या पत्रिका छापायची वेळ आली की वाई-साताऱ्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. म्हणणं असं: ‘ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका’ असं छापू नका. टीका म्हणजे दोष काढणं, तो शब्द इंग्रजांच्या काळात घुसला. माउलींचं ते भाष्य. शिवाय टीकाकार मुळाबाहेर जात नसतो, माउली गेले.

इंग्रजांचं आधी निकालात काढू. ग्रंथाच्या शेवटी काय आहे? ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290. तेव्हा कुठले आलेत इंग्रज! कालिदासाच्या काव्यांवर मल्लिनाथाने लिहिलं तीही टीकाच. तिथे कालिदासाची उणीदुणी शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल. आज ‘मंत्र्यांवर टीका’ आणि ‘गीतेवर टीका’ सारखंच ऐकू येतं, त्यामुळे घोटाळा होतो हे मान्य. पण ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं हा जुना अर्थ त्याने मेला नाही.

भाष्य म्हणायला माझी हरकत नाही. फक्त ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ असं खुद्द माउली म्हणतात. म्हणजे त्यांच्या लेखी भाष्यकार हे आधी होऊन गेलेले, ज्यांना वाट विचारायची ते.

राहिला मुळाबाहेर जाण्याचा मुद्दा. खरी गंमत इथे आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेत ‘अहिंसा’ एवढा एकच शब्द येतो. माउली त्यावर शंभराहून जास्त ओव्या खर्च करतात, आणि सुरुवात करतात ती मीमांसकांपासून. मीमांसा म्हणजे वेदवाक्याचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारं शास्त्र. याच वाईत केवलानंद सरस्वतींनी त्याचा सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला. त्या शास्त्राला माउली सरळ विचारतात: पाऊस पडावा म्हणून यज्ञ करायचा, त्यात पशू मारायचा, ही कसली अहिंसा? झाडाच्या डहाळ्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालण्यातली ही गत. मग खरा अहिंसक जमिनीवर पाऊल कसं टाकतो ते दाखवतात: ‘कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका’. केसर चुरगळेल म्हणून जपून. यातलं गीतेच्या त्या शब्दात काहीच लिहिलेलं नाही, तरी सगळं त्या एका शब्दाचंच आहे. टीकाकाराचं कामच ते. शब्दाला प्रतिशब्द ठेवून मोकळं व्हायला कोश पुरतो.

पत्रिकेत अगदीच नको असेल तर ‘भावार्थदीपिका’ हे ज्ञानेश्वरीचंच दुसरं नाव छापा, कोण अडवतंय? मात्र मग वाईजवळ भोगावला ज्यांची समाधी आहे त्या वामन पंडितांचं काय करायचं, तेही ठरवा. त्यांची ‘यथार्थदीपिका’ही गीतेवरची टीकाच.