उजेड हवा, ऊन नको

ऑर्किडला उजेड किती लागतो, असं कोणत्याही जाणकाराला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "भरपूर हवा, पण ऊन नको." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्यातला प्रकार. आमच्या घराच्या खिडक्यांना मधलं काही ठाऊकच नाही. एका खिडकीत दुपारचं असं ऊन येतं की पानावर भाजल्याचा पांढुरका डाग पडतो आणि पान गळेपर्यंत तो तिथून हलत नाही. बाकीच्या खिडक्यांतून जे येतं त्याला उजेड म्हणणं हा निव्वळ चांगुलपणा. तेव्हा आमच्या फॅलनॉप्सिस जातीच्या ऑर्किडसाठी दिवा आणायचं ठरलं.

यात अवघड ते काय, असं माझ्या नवऱ्याला वाटलं. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे आणि दिवा या विषयावर घरात शेवटचा शब्द आपला, अशी त्याची समजूत आहे.

"अगं, वीस वॅटचा एलईडी आण, वर टांग, विषय संपला."

विषय तिथूनच सुरू झाला. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. खाऊन देतो किती, हे त्यावरून कळत नाही (माणसांच्या बाबतीतही कळत नाही, पण ते असो). शिवाय रोपांच्या दिव्यांच्या जगात वॅटसुद्धा खरे नसतात. एका खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं १००० वॅट. त्याच्याखाली, चष्मा काढून डोळ्याजवळ नेल्यावर दिसेल अशा टायपात, 'समतुल्य'. आणि खोकं उलटं केल्यावर, बारकोडच्या शेजारी, प्रत्यक्ष वापर: १०० वॅट. कशाशी समतुल्य, हे खोक्याच्या सहाही बाजूंना लिहिलेलं नव्हतं. नवरा ते खोकं हातात घेऊन बराच वेळ गप्प उभा होता. एका एककाची अशी विटंबना त्याने आयुष्यात पाहिली नसावी. त्या दिवसापासून दिव्याच्या शोधात तो माझ्याही पुढे गेला, हा एक फायदा म्हणायचा की तोटा, ते अजून ठरत नाहीये.

वॅट बाद झाल्यावर आम्ही ल्यूमेनकडे, म्हणजे दिवा उजेड किती देतो त्या मापाकडे, वळलो. आकडे मोठे, छापलेले ठसठशीत, तुलना करायला सोपे. अडचण एवढीच की ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत झगझगीत वाटतो, म्हणून ल्यूमेन मोजताना त्याला पैकीच्या पैकी मार्क. गडद लाल आणि निळ्याला काठावर पास. पानातल्या हरितद्रव्याची भिस्त मात्र नेमकी लाल आणि निळ्यावर. म्हणजे खोक्यावरचा तो ठसठशीत आकडा एवढंच सांगतो की या दिव्याखाली मला वर्तमानपत्र वाचता येईल. ऑर्किडला वर्तमानपत्र वाचायचं नसतं.

केल्विनचंही, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेच्या आकड्याचंही, तेच. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दोन्हीखाली रोप जगतं. त्या खोलीत आपल्यालाही बसायचं असतं म्हणून मधला ४००० किंवा ५००० घ्यावा, इतकाच त्याचा अर्थ. ट्यूबलाइटच्या टी-५ आणि टी-८ मध्ये मी फार वेळ घालवला नाही, कारण तो आकडा ट्यूबच्या जाडीचा निघाला, इंचाच्या आठव्या भागात मोजलेल्या. टी-८ म्हणजे बरोबर एक इंच. एक इंचाला एक इंच न म्हणता आठ का म्हणायचं, हे ज्याने ठरवलं त्याला मी शोधते आहे. आणि 'फुल स्पेक्ट्रम', म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश, हे शब्द जवळपास प्रत्येक खोक्यावर असतात, अगदी दिवा लाल-निळाच असला तरी.

लाल-निळ्यावरून आठवलं. माझ्या मैत्रिणीकडे तो जांभळा दिवा आहे. हरितद्रव्याला लाल आणि निळं आवडतं ना, मग तेवढेच दोन रंग द्या, बाकीच्यावर वीज कशाला दवडायची, असं त्यामागचं शास्त्र. कागदावर चोख. प्रत्यक्षात संध्याकाळ झाली की तिच्या दिवाणखान्याची खिडकी जांभळी पेटते आणि समोरच्या इमारतीतले लोक आपापल्या खिडक्यांशी येतात. तिथे नेमकं काय चालतं यावर त्यांच्यात दोन गट आहेत. एका गटाने तर तिच्याशी बोलणंच कमी केलं आहे. पण लोकांचं सोडा, त्या उजेडात पानं काळी दिसतात. हिरवा प्रकाश मुळात नसेल तर पान तरी परतवणार काय? कीड लागली, बुरशी आली, पान पिवळं पडलं, काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून ती आठवड्यातून एकदा सगळ्या कुंड्या उचलून बाथरूममध्ये नेते आणि साध्या बल्बखाली तपासते. रोपं पुन्हा जांभळ्यात नेऊन ठेवली की तिचे डोळे थोडा वेळ सगळं हिरवट दाखवतात ते वेगळंच.

त्यात गंमत अशी की पान हिरवा प्रकाशही वाया घालवत नाही. किथ मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या पिकांची पानं घेऊन कोणत्या रंगावर प्रकाशसंश्लेषण किती होतं ते मोजलं आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. हिरव्याचा हिस्सा लालपेक्षा कमी निघाला, पण चांगला घसघशीत. जांभळ्या एलईडींची सगळी फॅशन त्यानंतरची. साधा पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर लेप. त्या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमचा दिवा नोबेलवाला आहे, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते. ते आधी दिव्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

पांढरा एलईडी घ्यायचा हे ठरलं, पण किती? तिथे पीपीएफडी नावाचा प्राणी भेटला. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडतात, ते माप. मोल शाळेत रसायनशास्त्राच्या पेपरला शेवटचा भेटला होता आणि आम्ही एकमेकांचा निरोप आनंदाने घेतला होता. तो आता दिवाणखान्यात येऊन बसला. फॅलनॉप्सिसला साधारण १०० मायक्रोमोल मिळाले तरी पुष्कळ. १०० गुणिले ३६०० सेकंद, गुणिले १२ तास: त्रेचाळीस लाख वीस हजार मायक्रोमोल, म्हणजे दिवसाला ४.३२ मोल. हा हिशोब मी मोठ्याने करत असताना सासूबाई आत आल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी झाडं उन्हात ठेवायचे गं."

हे मायक्रोमोल मोजायचं यंत्र मिळतं. त्याची किंमत पाहून मी फोन उपडा ठेवला. मग कळलं की फोनच लक्स, म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन, मोजतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण सत्तरने भागलं की मायक्रोमोल मिळतात. म्हणजे पानापाशी सात हजार लक्स आले की आपलं काम झालं. ऐकायला सोपं. पण माझ्या फोनचा प्रकाश ओळखणारा डोळा पडद्याच्या बाजूला, वरच्या कडेला. म्हणजे फोन पानाच्या उंचीवर धरायचा, पडदा दिव्याकडे. आकडा वाचायला वाकलं की माझंच डोकं दिव्याआड येतं आणि आकडा कोसळतो. डोकं बाजूला घेतलं की आकडा चढतो, पण दिसत नाही. शेवटी मी जमिनीवर उताणी झाले, एक हात कुंडीपाशी उंच धरला, आणि नवरा स्टुलावर उभा राहून वरून आकडे ओरडू लागला. "चार हजार! सहा! अगं, हात हलवू नकोस! तीनशे!" तीनशे त्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली होती. नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली.

मोजमाप हातात आल्यावर माणूस घरभर मोजत सुटतो. ज्या टेबलाशी मी रोज वाचते, जिथला उजेड मला लख्ख वाटत होता, तिथे जेमतेम तीनशे लक्स निघाले. बाहेर भर दुपारी हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. डोळा इतका जुळवून घेणारा आहे की त्याला या दोन्ही ठिकाणी 'छान उजेड आहे' असंच वाटतं. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा स्टुलावर चढणारा नवरा नाही, त्यांनी पानाच्या वीतभर वर हात धरून सावली बघावी. कडा रेखीव उमटल्या तर या रोपाला उजेड जास्त, कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर योग्य, आणि सावलीच पडली नाही तर तुम्ही आमच्या घरी आहात.

मग टांगायचं प्रकरण. उघड्या बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. लांब ट्यूब इतकी कठोर नसते, पण तिलाही दुरावा मानवत नाही. म्हणून दिवा पानापासून फूटभर उंचीवर आला, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर. आमच्याकडे आता पाहुणे एका बाजूला तोंड करून बसतात. कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडला याच्या दुप्पट उजेड लागतो आणि वांडा या तिसऱ्याला त्याहून जास्त, हे वाचल्यावर नवऱ्याने मला जवळ बसवून विचारलं, "त्या आणायच्या नाहीत ना?" मी विषय बदलला.

खरी पावती अखेर पानच देतं. गडद, काळपट हिरवं पान म्हणजे रोप उजेडाला मोताद झालंय. कोवळ्या गवतासारखा फिका हिरवा आला की त्याचं पोट भरतंय. कडांना लालसर झाक आली की आता पुरे. दुर्दैवाने ही भाषा ऑर्किड सोडून कोणालाच येत नाही. आमचं रोप उपाशी होतं तेव्हा येणारा-जाणारा म्हणायचा, "काय हिरवंगार ठेवलंयत!" आता पानं अगदी पुस्तकात सांगितल्यासारखी फिकी झाली आहेत, तर शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "खत घालतेस ना गं वेळेवर?"

आणि रात्र. फॅलनॉप्सिस पानांची रंध्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा आत घेऊन सकाळच्या उजेडासाठी साठवून ठेवतं. तेव्हा दिवा बारा तास, आणि मग अंधार. टायमर लावला. ठरलेल्या वेळी खटकन आवाज होतो, दिवाणखान्यात काळोख होतो आणि मी मोठा दिवा लावू देत नाही. काही पाहुण्यांनी तो इशारा समजून चपला शोधल्या. त्यांच्या जाण्याबद्दल घरात एकमताने समाधान आहे, त्यामुळे टायमरला आजवर कोणी हात लावलेला नाही.

दिवा टांगला, उंची जमली, टायमर जमला, पानं फिकी झाली. नवऱ्याने स्टूल आत ठेवलं. मग मी सहज वाचत बसले होते की फुलं कधी येतील, तर कळलं की उजेडाने रोप पोसतं, पण फॅलनॉप्सिसचा फुलांचा दांडा निघतो तो मुख्यतः गारव्याने. काही आठवडे तापमान पंचवीस अंशांच्या खाली राहायला हवं. दिवस मोठा की लहान, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. दिवाणखान्यात दिव्याची स्वतःची ऊब आहे, आणि दुपारचं ते ऊनही.

हे मी नवऱ्याला जपून, मोघम शब्दांत सांगितलं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.

"सर्वांत गार खोली कुठली आपली?"

"झोपायची."

"आणि दिवा बारा तास?"

"सकाळी सहाला लागेल."

सध्या बोलणी सातवर अडली आहेत.