पार्टी समोर बसलीय!

वायपरखाली चिठ्ठी सापडली, तर ती चुरगाळून टाकण्याचा अरसिकपणा करू नका. आपल्या अकरा वर्षांच्या वॅगन आरकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलेलं नाही. सोसायटीचा वॉचमनसुद्धा ती खांबामागे लावायला सांगतो. आणि इथे एका अनोळखी माणसाला ती भर पावसात इतकी आवडली, की त्याने छापील चिठ्ठीच ठेवली : ‘तुमची ही गाडी घ्यायची आहे. चांगली किंमत, जागेवर पैसे.’ शेजारच्या सतरा गाड्यांवरही तीच चिठ्ठी आहे, हे बघत बसू नका. प्रेमात माणसाने इतकं मोजू नये.

चिठ्ठी नाही आली तर फोन येतो. तुमचं नाव, गाडीचा नंबर, मॉडेलचं साल, विमा कधी संपतोय, सगळं त्या मुलाला पाठ. ‘माझा नंबर कुठून मिळाला?’ असं विचारू नका. सख्ख्या भाच्याला तुमचा वाढदिवस आठवत नाही, ह्याला तुमच्या विम्याची तारीख आठवते; असल्या जिव्हाळ्याची चौकशी करायची नसते. ‘सर, सेम हीच गाडी पाहिजे. पार्टी समोर बसलीय. साडेतीन लाखांपर्यंत काम करून देतो.’

ही पार्टी कायम समोर बसलेली असते. पाडव्याला फोन आला तरी बसलेली, दिवाळीला आला तरी बसलेली. बिचारीला घरी जायला गाडीच नाही.

गाडी न बघता साडेतीन लाख कसे ठरले, असा प्रश्न कोत्या मनाचे लोक विचारतात. तुम्ही फक्त ‘या’ म्हणा. दुसऱ्या दिवशी टॅब आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन माणूस हजर होतो. चहा आधीच टाकून ठेवा. पसंती फोनवर झालेलीच असते, आता फक्त खोडी काढायच्या राहिलेल्या असतात. डाव्या दरवाजाचा रंग कंपनीचा नाही : वीस हजार गेले. (तो दरवाजा २०१९ मध्ये मेहुण्याने गेटला घासला होता. घरात पाच वर्षं दडवलेली गोष्ट हा माणूस मायक्रॉनमध्ये सांगतो.) टायर संपलेत. क्लच जड आहे. शिवाय पेट्रोलला मागणी कुठे राहिलीय, सगळे सीएनजी मागतात. मग तो गाडीमागे जाऊन ‘ऑफिसशी’ बोलतो आणि चेहरा पाडून परत येतो.

इथे एक निरीक्षण नोंदवून ठेवण्यासारखं आहे. साडेतीन लाखांना तुम्ही ‘सर’ असता. पावणेतीनला ‘काका’ होता. एक नव्वदला तो खुर्ची जवळ ओढतो आणि म्हणतो, ‘काका, समजून घ्या ना.’ तुम्ही समजून घ्या. भाव फक्त आजचाच असतो, उद्या बाजार पडणार असतो. आणखी दोन ठिकाणी विचारून बघतो, असं चुकूनही म्हणू नका. पोराचं तोंड एवढंसं होतं.

आता मुख्य समारंभ, गाडीची मालकी बदलायच्या कागदांवरच्या सह्यांचा. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि सगळे कोरे. घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी, तारखेची रिकामी. ‘पार्टीचं नाव नंतर टाकतो, काका.’ कालपासून समोर बसलेल्या पार्टीला अजून नावच नाही, हे लक्षात आलं तरी मनात ठेवा आणि सही करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये एक तरतूद आहे : राज्यातल्या राज्यात गाडी विकली, की १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. त्यात १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक नियम आला. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म २९ सी भरून पोर्टलवर कळवायचं. म्हणजे तिथून पुढे कायद्याच्या नजरेत मालक तो, तुम्ही मोकळे. पण चहा पीत बसलेल्या पाहुण्याला ‘आधी अधिकारपत्र दाखवा’ म्हणणं आपल्या संस्कारात बसतं का?

बसत नाही. म्हणून गाडी जाते आणि नाव आपल्याकडे राहतं.

त्याचे फायदे हळूहळू कळतात. तीन महिन्यांनी मोबाइलवर ई-चलान येतं. तुम्ही त्या दुपारी घरी गुडघ्याला तेल चोळत बसला होतात. कागदोपत्री मात्र सोलापूर रस्त्यावर ताशी एकशे अठराने सुटला होतात. या वयात! काचेवरचा फास्टॅगही काढू नका. खेड शिवापूरच्या नाक्यावर आपल्या खात्यातून टोल कापला गेला, की गाडी साताऱ्याकडे निघाली म्हणून समजायचं. लेक खुशाल असल्याचा निरोपच तो. विम्याचा दावा केला नाही म्हणून मिळणारा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. ते राहू द्या. दिलं त्यात मन गुंतवू नये.

अधूनमधून जाहिराती चाळत जा. एखाद्या दिवशी ओळखीचा डावा दरवाजा दिसेल : ‘एकहाती, डॉक्टरांची गाडी, ३८ हजार किलोमीटर.’ तुमच्या दारातून गेली तेव्हा मीटरवर ७१ हजार होते. गाडी तरुण झाली, तुम्ही डॉक्टर झालात. एका व्यवहारात आणखी काय पाहिजे?

आणि अपघात झाला तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी २००७ मध्ये विकलेली, नंतर आणखी हात फिरलेली, अपघात २००९ मधला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहून गेलेली. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं न्यायालयाने सांगितलं. बाकीच्यांनी गाडी वापरली, ह्याने फक्त नाव सांभाळलं होतं.

असो. मग एखाद्या दुपारी, जरा डोळा लागतोय तोवर, पुन्हा फोन येतो. मुलगा नवा असतो, आवाज तोच. ‘सर, एमएच बारा, वॅगन आर तुमच्याच नावावर आहे ना? विकायची आहे का? पार्टी समोर बसलीय.’

तुम्ही पुन्हा ‘सर’ झालेले असता. आणि खोटं कशाला बोलायचं, गाडी तुमच्याच नावावर आहे. ‘हो’ म्हणा, आणि विचारा, कितीपर्यंत काम करून देता.