आपल्या घरात डोकी किती?

दसरा जवळ आला की घरच्या ग्रुपवर तो विनोद येतोच. पुढे बायको, मागे दोन्ही हातांत पिशव्या लटकवलेला नवरा. यंदाही आला. काकांनी लोळून हसणारे चेहरे टाकले, आत्याने नवऱ्यांवरचा एक विनोद परत फेकला. मी गप्प. आमच्या घरात पिशव्यांचा धनी मी आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या क्रेडिट कार्डावर १,८०,००० रुपये थकले होते आणि बायकोला त्यातल्या एका रुपयाचा पत्ता नव्हता.

साड्या नाहीत, दागिने नाहीत. सायकलचं सामान. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा अर्ध्या शहराबरोबर मलाही सायकलचं वेड लागलं. सुरुवातीची काही वर्षं खरंच चालवली. पहाटे गंगापूर धरण, कधी रविवारी अंजनेरी. मग शिफ्ट बदलली, गुडघा कुरकुरायला लागला, सायकल बाल्कनीत गेली. खरेदी मात्र थांबली नाही. हातमोजे, दिवे, जर्सी, चष्मे. चौथं हेल्मेट आलं तेव्हा बायकोने खोका हातात धरून विचारलं, "अहो, आपल्या घरात डोकी किती?" मी हसण्यावारी नेलं. पाचवं गाडीच्या डिकीत होतं.

मला विचाराल तर या खरेदीच्या दुखण्याची खरी खूण रक्कम नाही, लपवालपवी आहे. पार्सल सोसायटीत न मागवता अंबडला कंपनीच्या गेटवर मागवायचं. खोका तिथेच फाडून टाकायचा. बँकेचे मेसेज पुसायचे. किंमत विचारलीच तर निम्मी सांगायची. चार जणांना विचारून ऐंशी हजारांचा टीव्ही घेणारा माणूस फार तर खर्चिक. मी ६९९ रुपयांच्या पाण्याच्या बाटलीसाठी खोटं बोलत होतो.

आणि घेतलेल्या वस्तूचा आनंद म्हणाल, तर तो कधीच नव्हता. आनंद होता ऑर्डर केल्यापासून पार्सल येईपर्यंत. 'निघालं', 'नाशिकला पोहोचलं', 'आज येतंय'. खोका उघडला की पाच मिनिटांत मन उतरायचं, आणि ते उतरलेलं मन घेऊन मी पुन्हा मोबाइल उघडायचो. कित्येक वस्तूंची लेबलंसुद्धा काढली नाहीत. परत करू म्हणत परत करायची मुदत संपायची.

हे दुखणं मोबाइलने आणलं असं मला वाटायचं. तसं नाही. क्रेपेलिन नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याची नोंद केली आणि ग्रीक शब्दावरून 'ओनिओमॅनिया', म्हणजे खरेदीचं वेड, असं नाव वापरलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत हे आवेग न आवरण्याच्या विकारांत, 'इतर' या खान्यात, उदाहरण म्हणून येतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत त्याला वेगळी जागा नाही. व्यसन म्हणावं की आणखी काही, यावर त्यांचं चालू द्या. मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. अमेरिकेत फोनवरून केलेली एक मोठी पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात अशी खरेदी करणाऱ्या बायका ६ टक्के निघाल्या आणि पुरुष ५.५ टक्के. ग्रुपवरच्या त्या चित्रात पिशव्या उचलणारा नवराही सुटत नाही.

आमचे अण्णा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. आयुष्यभर माणसाने हजारो नोटा डोळ्यांखालून घातल्या आणि रोज रिकाम्या हाताने, झडती देऊन घरी आला. पगार झाला की खाटेवर बसून दोनदा मोजायचे, वाण्याचे वेगळे, दूधवाल्याचे वेगळे, माझ्या फीचे वेगळे. रविवार कारंजावर वाण्याकडे वही होती. उधारी वाढली की तो काही बोलायचा नाही, नुसता वहीचं पान उलटायचा, आणि अण्णांचे कान लाल व्हायचे. माझ्या उधारीला तोंडच नव्हतं. कोणी पान उलटत नव्हतं. उलट मर्यादा वाढवून मिळाल्याबद्दल अभिनंदनाचा मेसेज यायचा! नोटा छापणाऱ्याचा मुलगा मी, आठ-आठ दिवस नोटेला हात लावत नव्हतो.

आता ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी हा हिशोब नीट वाचा. मला तो कळायला दीड वर्ष लागलं. थकबाकी १,८०,०००. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६,३००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,१३४. बिलावर 'किमान देय' ५ टक्के, ९,०००. मी दर महिन्याला ९,००० भरून सुटकेचा श्वास टाकत होतो. त्यातून मूळ कर्ज फिटत होतं १,५६६ रुपये. वर, मागची बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. 'किमान' हा शब्द मला स्वस्त वाटायचा.

बिंग फुटलं ते अगदी साधं. मुलीच्या क्लासची फी भरताना बायकोसमोरच कार्ड नाकारलं गेलं. ती रात्र इथे लिहीत नाही.

नंतर सल्ले आले. काका म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसरावेत. बरोबर आहे, पण काका, माझं अंथरूण मला पाठ होतं. 'उधळ्या' म्हटल्याने कोणी सुधारत असता तर मी पहिल्या महिन्यातच सुधारलो असतो. झालं असं की शरम वाढली, आणि शरम वाढली की मी काय करायचो ते वर लिहिलंच आहे.

गंगापूर रोडच्या समुपदेशक बाईंनी मला काही बंद करायला सांगितलं नाही. एक वही घ्यायला सांगितली. काय घेतलं यापेक्षा किती वाजता आणि त्या आधी काय झालं, ते लिहायचं. घ्यावंसं वाटलं पण घेतलं नाही, तेही. तीन आठवड्यांत २३ नोंदी झाल्या आणि त्यातल्या १७ रात्री अकरानंतरच्या. बहुतेक त्या दिवशीच्या, ज्या दिवशी प्लांटमध्ये रिजेक्शनची, म्हणजे नापास झालेल्या मालाची, मीटिंग असायची. मी सायकलचं सामान विकतच घेत नव्हतो म्हणा ना, साहेबांचं बोलणं धुऊन काढत होतो. याला त्या वर्तन-विचार उपचार म्हणतात आणि या दुखण्यावर त्यातल्या त्यात भरवसा त्याचाच आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी झोप, उदासी, एकदम चढणारा उत्साह, सगळं खोदून विचारलं. कारण बायपोलर या मनाच्या आजाराच्या तेजीतही माणूस बेफाम खर्च करतो, आणि तिथे औषध वेगळं, डॉक्टर वेगळा. म्हणून माझी पोस्ट वाचून स्वतःच्या नाहीतर नवऱ्याच्या कपाळावर शिक्का मारू नका.

बाकी मी केलं ते सगळं स्वतःच्या वाटेत दगड टाकणं होतं. कंपनीच्या पतपेढीतून कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड फेडलं, आणि त्याच दिवशी कार्ड बंद केलं. दुसरं पाऊल विसरलं तर पहिल्याचा उपयोग नाही, रिकामं कार्ड पुन्हा भरतं. डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवले. ही चालू-बंदची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून करायला लावली आहे, वापरतं कोण! दुकानांची ॲप काढली. अकरानंतर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. आणि 'फक्त २ शिल्लक' दिसलं की आता मी मोठ्याने म्हणतो, "राहू दे." खोटी घाई दाखवणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातलेल्या १३ क्लृप्त्यांपैकी एक आहे. बंदी आहे, आणि मला रोज दिसतंही.

घरखर्च रोखीत आणला. बुधवारच्या बाजाराला गोदाकाठी ५०० ची नोट घेऊन जातो. मोडताना लागतं. तेच हवं होतं.

ज्यांना कोणाला समोर बसून सांगण्याची लाज वाटते, त्यांच्यासाठी १४४१६. टेली मानस, सरकारी, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं.

पतपेढीचे ११ हप्ते बाकी आहेत. चार हेल्मेटं विकली, निम्म्या किमतीलाही नाही.

परवा एक पार्सल आलं. मीच मागवलेलं, सायकलचा मागचा दिवा, रात्री पावणेबारा वाजता, बायकोच्या मोबाइलवरून. वॉचमन काकांकडून तीच घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं.

"किती?"

"१,१४९."

"खरं?"

"खरं."

"वहीत लिहा," म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.